पोरांच्या पुलाची परीक्षा पाण्यानंपण घ्या

चौथी-पाचवीच्या पोरांना आइस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल दिला आणि सांगितलं की दोन बाकांमध्ये पूल बांधा, की बहुतेक गट सुरुवातीला एकच करतात, काड्या पुढं पुढं चिकटवून लांब पट्टी बनवायची आणि ती वाकायला लागली की वर अजून थर चढवायचे. यात चुकीचं काहीच नाही. वजन आलं की पट्टीची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट नाही तर जवळजवळ आठपट होतो! पण थर एकमेकांना पक्के चिकटलेले पाहिजेत, नुसते वर ठेवले तर ते एकमेकांवरून घसरतात आणि मग फायदा दुपटीवरच थांबतो.

नंतर पोरांना त्रिकोण सापडतो. चार काड्या कोपऱ्यात टाचणीनं जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर दाबा, लगेच तिरका होतो. त्रिकोण होत नाही, कारण बाजूंची लांबी तीच ठेवून त्याचा आकार बदलताच येत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलांवर जे त्रिकोण दिसतात ते याच्यासाठीच. फक्त दोन बाजूंच्या जाळ्या मजबूत करून वरून आडव्या-तिरक्या काड्या लावल्या नाहीत तर पूल मोडायच्या आधी कडेलाच कलंडतो, हे बघायला मिळालं तर फार भारी, कारण पोरांना वजन फक्त खालीच ढकलतं असं वाटत असतं.

शाळांमधल्या स्पर्धा सहसा इथंच संपतात, बादली लटकवायची, हळूहळू पाणी ओतायचं (एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा), मोडला की नंबर काढायचा. माझं म्हणणं आहे की कोल्हापुरात तरी एवढ्यावर थांबू नये. इथल्या पोरांनी 2019 आणि 2021 चा पूर घरात ऐकलाय, काहींनी बघितलाय, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला ही बातमी तर दर पावसाळ्यात असते. त्या कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायला खांबांच्या मधे बसवलेल्या आडव्या फळ्या) पावसाळ्याआधी काढून ठेवतात ते का, तर पुराला अडवायचं नाही, वाट द्यायची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की खांबावरचा रेटा चौपट होतो, म्हणून समोरून अंग जितकं कमी तितकं बरं.

पण रेट्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते खांबाखाली काय होतं ते, म्हणजे पाणी तिथली वाळू-माती उकरून नेतं ते. जगभर पूल पडण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे आणि वरून बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. करून बघायला सोपं आहे, एका लांब ट्रेमध्ये तीन-चार बोटं ओली वाळू पसरायची, मधे पेन्सिलीचा तुकडा खांबासारखा रोवायचा, ट्रे जरा तिरका करून वरच्या टोकाकडनं मगानं सतत पाणी सोडायचं. थोड्याच वेळात खांबाच्या पुढच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडं, खड्डा पडायला लागतो, कारण पाणी खांबाला आपटून खाली वळतं, तळाशी भोवरा होतो आणि तो वाळू उचलून दोन्ही कडांनी मागं नेतो. पेन्सिल आधी जराशी हलते आणि मग एकदम आडवी, तिच्यावर कसलंच वजन नसताना! पोरं इथं हमखास विचारतात की मग खऱ्या पुलाचं काय. खऱ्या पुलाचा पाया म्हणूनच वाळूच्या बराच खाली, शक्य असेल तिथं खडकापर्यंत नेतात आणि पुरानंतर पाण्याखालचा भाग तपासावा लागतो.

मग पेन्सिलीभोवती खडे टाकून परत पाणी सोडायचं. इंजिनिअरही खांबांभोवती मोठे दगड टाकतात. खडे बारीक असले तर तेही वाहून जातात, आणि मग किती मोठे घ्यायचे यावरून गटात जी भांडणं लागतात त्यासाठी अख्खा तास मोकळा ठेवावा.