जनुक केंद्रकात गेले, पण कोणत्या रूपात?

हरितलवकांचे (वनस्पतिपेशीत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या घटकांचे) पूर्वज असलेल्या नीलहरित जीवाणूंच्या आजच्या वंशजांत जनुके हजारोंनी असतात, तर बहुतेक वनस्पतींच्या हरितलवकांत शंभर-सव्वाशेच उरली आहेत. बाकीच्यांपैकी काही नष्ट झाली आणि काही पेशीच्या केंद्रकात गेली. हे डोळ्यांसमोर येऊ लागले ते १९८२ पासून. त्या वर्षी मक्याच्या तंतुकणिकांत (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांत) हरितलवकाच्या डीएनएचा सुमारे १२ हजार आधारक-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) तुकडा सापडला आणि पुढच्याच वर्षी पालकाच्या केंद्रकातही हरितलवकाशी जुळणारे क्रम आढळले.

जनुक डीएनएच्या रूपात जाते की आरएनएच्या (जनुकावरून उतरवलेल्या प्रतीच्या), हा खरा वाद पेटला तो १९९१ मध्ये, शेंगवर्गीय वनस्पतींमधील ‘कॉक्स-२’ या जनुकावरून. एरवी तंतुकणिकेत असणारे हे जनुक चवळीत केवळ केंद्रकात सापडले. तंतुकणिकेतील मूळ जनुकात काही ठिकाणी ‘सी’ हे अक्षर असते आणि आरएनए तयार झाल्यावर तिथे ‘यू’ येतो (याला संपादन म्हणतात). केंद्रकातील प्रतीत त्याच जागी थेट ‘टी’ (‘यू’चे डीएनएतील समतुल्य अक्षर) होता, शिवाय इंट्रॉनही (आरएनएतून छाटला जाणारा मधला तुकडा) नव्हता. म्हणजे प्रत संपादित आरएनएवरून बेतलेली होती. त्यावरून स्थानांतर आरएनएच्याच वाटेने होते, असा निष्कर्ष निघाला आणि तो गरजेपेक्षा जास्त ताणला गेला. संपादित आरएनएचा डीएनए तंतुकणिकेतच बनून मग बाहेर पडला असेल, तरी केंद्रकातील प्रत अशीच दिसेल. (‘स्थानांतर’ हा शब्दही फसवा आहे, कारण आधी जाते ती प्रत, मूळ जनुक बरेचदा जागेवरच असते. सोयाबीनमध्ये दोन्ही आहेत.)

पुढे जीनोमच वाचले गेले, तेव्हा पारडे डीएनएकडे झुकले. भाताच्या दहाव्या गुणसूत्रात हरितलवकाचा सुमारे १ लाख ३१ हजार जोड्यांचा सलग पट्टा निघाला. एवढी लांबी आरएनएच्या मार्गाने येणे अवघडच. २००३ मध्ये तंबाखूच्या हरितलवकात केवळ केंद्रकातच कार्य करील असे प्रतिजैविकरोधी जनुक घालून त्याची वाट पाहण्यात आली, तेव्हा सुमारे १६ हजार परागकणांमागे एकात ते केंद्रकात पोहोचल्याचे दिसले.

क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालात मात्र अशाच शोधाला यश आले नाही. त्याच्या पेशीत हरितलवक एकच असते, ते फुटून डीएनए सांडला तर पेशीच जगत नाही, असे त्यावरचे स्पष्टीकरण आहे.