अमेरिकेत रोकड किंवा गाडी जप्त झाली तर: दावा, मुदती आणि कागद

जप्ती आणि सरकारजमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हातची वस्तू जाते ती बहुतेकदा या दोहोंच्या मधल्या काही आठवड्यांत. पोलिसांनी रोकड ताब्यात घेतली, ही जप्ती. तिची मालकी सरकारकडे गेली, की ती सरकारजमा. दिवाणी मार्गाने हा दुसरा टप्पा मालकावर एकही गुन्हा न नोंदवता गाठता येतो, कारण खटला माणसावर नसतो, वस्तूवर असतो. २००६ च्या एका निकालाचं नावच ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध १,२४,७०० डॉलर’ असं आहे.

खालची पद्धत संघीय यंत्रणांची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या डीईए (अमली पदार्थविरोधी यंत्रणा), एफबीआय वगैरेंची आहे. स्थानिक पोलिसांनी केलेली जप्ती या यंत्रणांनी आपल्याकडे घेतली, तरी हीच लागू होते. राज्यांचे कायदे निराळे आहेत.

नोटीस आणि पहिली मुदत

जप्तीपासून ६० दिवसांत यंत्रणेने नोटीस पाठवायची असते. मूळ जप्ती स्थानिक पोलिसांची असेल तर ९० दिवसांत. दाव्याची शेवटची तारीख पत्रातच छापलेली असते. पत्र रवाना झाल्यापासून किमान ३५ दिवस मिळतात. पत्र हाती पडल्यापासून नव्हे, हे ध्यानात घ्या. शिवाय दावा त्या तारखेपर्यंत यंत्रणेकडे पोहोचलेला असावा लागतो. पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत. म्हणून न्याय खात्याच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरणं उत्तम. घर बदललं असेल तर नवा पत्ता यंत्रणेला लेखी कळवा, नाहीतर पत्र जुन्या पत्त्यावर जातं. पत्र मिळालंच नाही, तर जाहीर नोटिशीचा शेवटचा दिवस उलटल्यावर ३० दिवस असतात.

दावा की माफीचा अर्ज?

नोटिशीत दोन वाटा दिलेल्या असतात आणि बरेच जण चुकीची धरतात. माफीचा अर्ज दिसायला सौम्य असतो: ‘आमची अडचण समजून घ्या, वस्तू परत द्या.’ पण त्याचा निर्णय सरकारी अधिकारीच घेतो आणि जप्ती कायदेशीर होती हे गृहीत धरूनच घेतो. न्यायाधीशासमोर जायचं तर दावाच भरावा लागतो. रोकड कितीही असो, आणि इतर बहुतेक वस्तू ५ लाख डॉलरपर्यंतच्या असोत, दावा आला नाही तर यंत्रणा त्या परस्पर सरकारजमा करते. न्यायालयाचा संबंधच येत नाही. घर-जमीन मात्र अशी परस्पर घेता येत नाही.

दाव्यात तीनच गोष्टी लागतात: नेमकी कोणती वस्तू (जप्ती क्रमांकासह), तिच्यावर तुमचा हक्क काय, आणि हे सगळं शपथेवर. सही मालकाची हवी, वकिलाची चालत नाही. शुल्क नाही, अनामतही नाही. कस्टम्स कायद्याखालची जप्ती मात्र या नियमांबाहेर आहे. तिथे न्यायालयात जायचं तर वस्तूच्या किमतीच्या १० टक्के किंवा ५,००० डॉलर, यांतली कमी असेल ती रक्कम भरावी लागते, पण २५० डॉलरपेक्षा कमी नाही.

पैसे दुसऱ्याचे असतील तर ते कोणाचे हे सांगावंच लागतं. मंडळाच्या गणेशोत्सवाची वर्गणी खजिनदाराच्या गाडीत सापडली, तर दावा मंडळाच्या नावाने करा. मंडळ नोंदणीकृत संस्था असेल तर न्यायालयात तिला वकील लागतोच. रस्त्यात ‘हे पैसे माझे नाहीत’ अशा कागदावर सही करू नका.

जवळ ठेवायचे कागद

जप्तीची पावती, बँकेतून पैसे काढल्याची नोंद, विक्रीची बिलं, कर विवरणपत्र, गाडीचं टायटल (मालकीचा दाखला). रोकड कुठून आली आणि कुठे चालली होती, हे तारखांनिशी जुळलं पाहिजे. मात्र फौजदारी तपास चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीही शपथेवर लिहू नका. ते तुमच्याविरुद्ध वापरता येतं.

दुसरा दावा

दावा मिळाल्यापासून ९० दिवसांत सरकारने न्यायालयात फिर्याद द्यायची, नाहीतर वस्तू सोडायची; तेवढ्यात फौजदारी आरोपपत्रात तिचा समावेश केला, तर मात्र ती अडकून राहते. फिर्याद आली की न्यायालयात नव्याने दावा भरावा लागतो, आणि तो भरल्यापासून २१ दिवसांत उत्तर. ‘दावा तर मागेच दिलाय’ म्हणून गप्प बसलेले लोक इथे बाद होतात.

संपत्तीचा गुन्ह्याशी संबंध सरकारने सिद्ध करायचा, हा बदल २००० सालच्या सुधारणा कायद्याने आणला. त्याआधी हे ओझं मालकावर होतं. ‘वस्तू गुन्ह्यात वापरली जातेय हे मला ठाऊक नव्हतं’ हे मात्र अजूनही मालकानेच दाखवायचं असतं. खोलीत भाडेकरू काय करतो याची जबाबदारी मोटेलमालकावर येते ती इथे: कळल्यावर पोलिसांना कळवलं का, खोली रिकामी करून घेतली का? म्हणून अशा तक्रारींची तारीखवार वही ठेवा. अशाच वादात, मॅसॅच्युसेट्समधल्या मोटेल कॅसवेलच्या खटल्यात, २०१३ साली सरकार हरलं.

गाडीवाचून धंदा बंद पडत असेल तर ती तात्पुरती मागता येते. यंत्रणेने १५ दिवसांत दिली नाही, तर न्यायालयात जा. रोख रकमेला ही सोय नाही. अपवाद कायदेशीर व्यवसायाच्या पैशांचा. खटला जिंकलात तर वकिलाचा वाजवी खर्च सरकारकडून मिळतो. माफीच्या अर्जात तो मिळत नाही.

वाद कशावरून आहे

राज्यातले पोलीस संघीय यंत्रणेला जप्ती सोपवतात तेव्हा ८० टक्क्यांपर्यंत वाटा त्यांच्याकडे परत येतो. टीकेचं मूळ इथे आहे: जप्त करणाऱ्याच्याच खात्यात पैसे जमा होतात. समर्थकांच्या मते अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा तोडायला हेच हत्यार कामी येतं. न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये, नेब्रास्काने २०१६ मध्ये आणि मेनने २०२१ मध्ये राज्यापुरती दिवाणी मार्गाने सरकारजमा करण्याची पद्धत बंद केली. टिम्ब्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली अवाजवी दंडाविरुद्धचं संरक्षण राज्यांनाही लागू केलं; तिथे अडकलेली लँड रोव्हर ४२,००० डॉलरची होती आणि त्या गुन्ह्याला कमाल दंड १०,००० डॉलर. पण २०२४ मध्ये कली खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी ठरलं, की खटल्याचा निकाल लागेपर्यंत गाडी सरकारने अडकवून ठेवावी का, यावर वेगळी प्राथमिक सुनावणी देणं घटनेने बंधनकारक नाही. परस्पर सरकारजमा आणि वाटणी दोन्ही बंद करणारं फेअर अॅक्ट विधेयक २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीत २६ विरुद्ध ० मतांनी पुढे सरकलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

विमानतळावर

१०,००० डॉलरहून जास्त रोकड देशात आणणं किंवा बाहेर नेणं गुन्हा नाही. ती जाहीर करणारा फिनसेन १०५ अर्ज न भरणं गुन्हा आहे. त्या अर्जावर कर लागत नाही. रक्कम आईच्या आणि बायकोच्या पर्समध्ये वाटून ‘प्रत्येकीकडे कमीच आहे’ म्हणणं ही पळवाट नव्हे. नेमकी तीच जप्तीचं कारण ठरते.