दावं, खुंटा आणि हरवलेलं विमान

हरभऱ्याचं ओलीत होतं आणि त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची. दहाची लाइन साडेअकरा झाले तरी आली नव्हती, म्हणून मधूदादा आणि मी धुऱ्यावर तुराट्या पेटवून बसलो होतो. विदर्भ देशाच्या ऐन मध्यावर, त्यामुळे रात्री आमच्या डोक्यावर विमानांची रीघ असते. दादा त्यांच्या दिव्यांवरून किती वाजले ते सांगतो आणि बहुतेक वेळा चुकतो.

त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. कुठल्याशा जंगलात झाडांवर पडलेलं पांढरं विमान, वरून घेतलेलं चित्र. मलेशियाचं हरवलेलं विमान अखेर सापडलं, असं मागून एक दणदणीत आवाज सांगत होता.

"मास्तर, सॅटेलाइटले माणसाच्या हातातलं घड्याळ दिसते म्हंतात. मंग एवढं मोठं इमान काहून नाही दिसलं? काहीतरी लपवून रायले."

दादा माझा चुलतभाऊ, वयानं मोठा, पण मी शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यापासून मला मास्तरच म्हणतो. त्याचा प्रश्न दहा-बारा वर्षं मी प्रत्येक टपरीवर ऐकतोय. त्यामागची समजूत अशी की उपग्रह म्हणजे आभाळात बसवलेला सीसीटीव्ही, चोवीस तास खाली बघणारा. फोटो काढणारे उपग्रह जमिनीच्या त्या मानानं जवळून फिरतात, एका जागेवरून काही क्षणांत निघून जातात, आणि रात्री काळ्या समुद्रावर त्यांना विमान दिसण्याचा प्रश्नच नसतो. मलेशियाच्या त्या विमानाचा, म्हणजे एमएच ३७० चा, माग ज्यानं दिला, त्या उपग्रहाला तर डोळे नव्हतेच. तो दूरसंचाराचा उपग्रह, त्याला फक्त ऐकू येत होतं. आणि नुसत्या ऐकण्यातून माणसांनी जे काढलं, ते मला कुठल्याही कटकथेपेक्षा थरारक वाटतं.

आधी घटना थोडक्यात. ८ मार्च २०१४ च्या मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं बोइंग ७७७, आत २३९ माणसं. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचं शेवटचं "गुड नाइट". पुढच्या दोन-तीन मिनिटांत नागरी रडारला ओळख सांगणारा ट्रान्सपाँडर गप्प. लष्करी रडारवर मात्र विमान उलटं वळून मलेशिया ओलांडताना दिसत राहिलं आणि २ वाजून २२ मिनिटांनी मलाक्काच्या सामुद्रधुनीपलीकडे तिथूनही गेलं. इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं ठाऊक नसतं म्हणून व्हिडिओ निघतात.

विमानाच्या छतावर उपग्रहाशी बोलणारं एक यंत्र असतं. जमिनीवरचं केंद्र, इथं ऑस्ट्रेलियातलं पर्थ, या यंत्राशी उपग्रहामार्फत जोडलेलं असतं. तासभर काहीच बोलणं झालं नाही तर केंद्र हजेरी घेतं, की बाबा, आहेस का? यंत्र म्हणतं, हजर. यात विमान कुठं आहे, काय वेगानं जातंय, काही नसतं. वर्गातला पोरगा "हजर" म्हणताना कुठल्या बाकावर बसलाय हे सांगत नाही, तसंच. २:२५ ला यंत्र स्वतःहून पुन्हा जोडलं गेलं. मग ३:४१, ४:४१, ५:४१, ६:४१ ला हजेरी. पुढची ७:४१ ला हवी होती, पण ७:१३ ला जमिनीवरून विमानाला फोन लावला गेला. कुणी उचलला नाही. तरी तेवढ्यानं तासाचं घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून धावू लागलं आणि हजेरी ८:११ वर गेली. ८:१९ ला यंत्रानं पुन्हा स्वतःहून जोडणी मागितली. ९:१५ ला केंद्रानं हाक मारली, उत्तर नाही.

म्हणजे रडारवरून नाहीसं झाल्यावर जवळजवळ सहा तास विमान उडत होतं. आणि प्रत्येक "हजर" पोचायला किती वेळ लागला, हे केंद्रात आपोआप नोंदलं गेलं होतं.

दादाला मी म्हैस दाखवली. खुंट्याला दाव्यानं बांधलेली म्हैस अंधारात दिसत नसली तरी दावं ताणलेलं असेल तर ती खुंट्याभोवतीच्या एका गोलावरच कुठंतरी असणार. गोलाच्या कुठल्या बाजूला, ते दावं सांगत नाही. इथं खुंटा ३६ हजार किलोमीटर उंच, हिंदी महासागरावर विषुववृत्तापाशी, आणि दाव्याची लांबी वेळेत मोजायची. रेडिओलहर सेकंदाच्या दहालाखाव्या भागात, म्हणजे एका मायक्रोसेकंदात, ३०० मीटर जाते. जाऊन परत यायचं म्हणून एका मायक्रोसेकंदाचा जास्तीचा उशीर म्हणजे १५० मीटर जास्तीचं दावं. यंत्राचा स्वतःचा उशीर किती, हे विमान क्वालालंपूरच्या विमानतळावर उभं असतानाच्या नोंदींवरून काढलं. तिथं तर जागा ठाऊकच होती.

३:४१ च्या नोंदीत आकडा आहे ११,५०० मायक्रोसेकंद. ८:११ च्या नोंदीत १८,०४०. वजाबाकी ६,५४०, गुणिले १५० मीटर, आले ९८१ किलोमीटर. उपग्रहाची स्वतःची हालचाल धरली की हा आकडा थोडा सरकतो, पण साडेचार तासांत दावं हजारेक किलोमीटरनं लांबलं एवढं नक्की. दर हजेरीला एक, असे नकाशावर गोल काढले. विमानाचा वेग आणि टाकीतलं इंधन बघता गोलाचा बराचसा भाग बादच होतो. उरतात दोन फाटे. एक उत्तरेला, थायलंडवरून थेट कझाकस्तानच्या बाजूला. दुसरा दक्षिणेला, इंडोनेशियाच्या खाली निर्जन समुद्रात. १५ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी हे दोन्ही फाटे जाहीर केले आणि जगभरच्या चर्चेला ऊत आला.

उत्तर की दक्षिण? याचं उत्तर आहे आपल्या रेल्वे फाटकात. मुंबई-हावडा लाइनवर आमच्या गावाजवळ फाटक आहे. गाडी येताना हॉर्न चढ्या पट्टीत ऐकू येतो, पुढून गेली की पट्टी उतरते. हा डॉप्लर परिणाम, दहावीच्या पोरालाही सांगता येतो. रेडिओलहरींचंही तसंच. विमानाचं यंत्र सेकंदाला सुमारे १.६ अब्ज कंपनांवर बोलतं. ताशी ९०० किलोमीटरनं सरळ उपग्रहाच्या दिशेनं गेलं तर त्यात सुमारे १,३०० कंपनांची भर पडेल. एवढा फरक केंद्राला चालत नाही, म्हणून यंत्र शहाणपणा करतं आणि स्वतःचा वेग, दिशा बघून आपली पट्टी आधीच दुरुस्त करून पाठवतं. म्हणजे इंजिन ड्रायव्हर एवढा गुणी की फाटकाजवळ येताना हॉर्नची पट्टी मुद्दाम उतरवतो आणि लांब जाताना चढवतो. फाटकवाल्याला कायम एकच सूर.

मग दिशा कळणार कशी? सगळी गंमत इथं आहे, आणि इथंच दादा उठून तुराट्या आणायला गेला. ड्रायव्हर धरून चालतो की फाटकवाला स्टुलावर स्वस्थ बसलाय. प्रत्यक्षात फाटकवाला झोपाळ्यावर आहे. ड्रायव्हरच्या दुरुस्तीत झोपाळा धरलेलाच नाही. त्यामुळे थोडासा सूर हलतो, आणि झोपाळा कधी कुठल्या बाजूला जातोय हे माहीत असेल तर त्या हलण्यावरून गाडी पूर्वेकडून येतेय की पश्चिमेकडून, ते ओळखता येतं. फाटकवाला म्हणजे आपला उपग्रह, १९९६ साली सोडलेला, म्हातारा. सूर्य-चंद्राच्या ओढीनं त्याची कक्षा विषुववृत्ताशी दीडेक अंशानं कललेली. तसं झालं की उपग्रह एका जागी टांगलेला राहत नाही, रोज उत्तरेला सुमारे १,२०० किलोमीटर आणि दक्षिणेला तेवढाच झुलतो. विमानाचं यंत्र मात्र तो विषुववृत्तावर खिळलेलाच धरतं. त्या पहाटे झोपाळा उत्तरेच्या टोकाहून दक्षिणेकडे परतत होता. विमान दक्षिणेला असेल तर उपग्रह त्याच्याकडे येणार, सूर चढत जाणार. उत्तरेला असेल तर उलट.

नोंदीतले उरलेले फरक, सेकंदाला इतकी कंपनं या हिशेबानं, असे. ३:४१ ला १११, मग १४१, १६८, २०४, आणि ८:११ ला २५२. यात यंत्राची ठरावीक चूकही मिसळलेली आहे, पण चढ बघा. उत्तरेच्या वाटेशी हे आकडे जुळतच नाहीत, दक्षिणेच्या वाटेशी जुळतात. उपग्रह नवाकोरा, जागेवर घट्ट असता तर बहुधा हे कोडं सुटलं नसतं. त्याच्या म्हातारपणाच्या डुलण्यानं दिशा सांगितली. २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमान दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचं सांगितलं ते याच आकड्यांवर.

८:१९ ची शेवटची नोंद तर अंगावर येते. आठ सेकंदांच्या अंतरानं दोन आकडे, १८२ आणि उणे २. यंत्र दुरुस्ती करताना आडवा वेग धरतं, खाली पडण्याचा वेग धरत नाही. सूर असा धाडकन उतरला याचा अर्थ विमान वाढत्या वेगानं खाली येत होतं.

याच मार्च महिन्यात क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विमान शोधायला बसला होता, त्याचे फोटो जगभर गेले. हसायला आपल्याला तोंड नाही. हरवलेली वस्तू कुठल्या दिशेला गेली हे नक्षत्रावरून सांगणारं कोष्टक आपल्या पंचांगात आजही छापतात, आणि बैल हरवला की आमच्या गावात आधी भगताकडे जातात. चार दिशांतली एक सांगायची, चारातून एकदा बरोबर येणारच. त्या एकदाचीच गोष्ट गावभर होते. आभाळातली चुकलेली ओळखही आम्ही पाहिली आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आभाळात जळते पट्टे दिसले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला पडलं ते रॉकेटचं भलंमोठं धातूचं कडं.

दादा तुराट्या घेऊन परत आला. "खुंटा माहीत, दावं माहीत, बाजू बी माहीत. मंग म्हैस काहून नाही सापडत?"

कारण शेवटचा गोल हजारो किलोमीटरचा, आणि इंधन संपल्यावर विमान त्या गोलापासून किती लांब पडलं हे उपग्रहाला ऐकू आलं नाही. जानेवारी २०१७ पर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ चाळला. विदर्भाचे अकरा जिल्हे एकत्र केले तरी साधारण ९७ हजारच भरतात. तळ सरासरी चार किलोमीटर खोल. चिखलदऱ्याजवळच्या वैराटाच्या डोंगरासारखे तीन डोंगर एकावर एक ठेवले तरी वर पाणी उरेल. २०१८ मध्ये एका खासगी कंपनीनं आणखी लाखभर चौरस किलोमीटर शोधलं. विमान पडलंय याचा पुरावा मात्र २९ जुलै २०१५ लाच हातात आला होता. आफ्रिकेजवळच्या रेयुनियन बेटाच्या किनाऱ्याला विमानाच्या पंखाचा तुकडा लागला, त्यावर बार्नेकल नावाचे कवचवाले समुद्री जीव वाढलेले.

"पुरात गेलेलं खालच्याच गावाले सापडते," दादा म्हणाला. समुद्राच्या प्रवाहांचा हिशेब करणारे शास्त्रज्ञ दुसरं काय करतात?

मग मी त्याच्या मोबाइलवरचं ते जंगलातलं चित्र बोटांनी मोठं केलं. पांढऱ्या विमानाला चिकटून एक निळसर छटा होती, जरा पुढे लालसर. असे उपग्रह एकाच जागेचा लाल, हिरवा आणि निळा फोटो क्षणाच्या अंतरानं घेतात आणि नंतर एकत्र करतात. झाडं तिथंच असतात, म्हणून त्यांचे तिन्ही रंग जुळतात. चालत्या वस्तूचे जुळत नाहीत. पडलेल्या विमानाला अशा रंगीत कडा नसत्या.

दादानं चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. तेवढ्यात बोरवरचा बल्ब लागला.

"म्हंजे थे उडून रायलं होतं," तो म्हणाला, आणि फावडं घेऊन पाणी वळवायला निघाला.