आबाजींची लघवी तुंबते, तेव्हा

विदर्भातल्या खेड्यात आबाजींनी लघवीची तक्रार केली की दोन उत्तरं तयार असतात: 'वय झालं आता', नाहीतर 'उन्हाळी लागली असन'. 45 अंशांच्या मे महिन्यात दुसरं उत्तर खरंही असू शकतं. घाम जातो, पाणी कमी पडतं, लघवीला जळजळ होते. पण रात्री चार-चार वेळा उठणं, धार बारीक होणं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, हे उन्हाळीत बसत नाही. म्हातारपणी त्यामागे बहुधा मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी असते. तरुणपणी ती सुमारे 20 ग्रॅमची असते. पन्नाशीनंतर ती वाढत जाते आणि मूत्रनलिका दाबते.

हे दुखणं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, 12 प्रकार सांगितलेत. त्यांतल्या वाताष्ठीलेत गुदमार्ग आणि बस्ती (मूत्राशय) यांच्यामधली कठीण गाठ लघवी अडवते. आजच्या निदानाशी हे वर्णन बरंच जुळतं. उपाय मात्र शतकानुशतकं मुख्यतः नळी घालून लघवी काढण्यापुरताच राहिला. 1900 च्या सुमारास लंडनमध्ये पीटर फ्रेयर यांनी पोटावर छेद घेऊन वाढलेली ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ केली. त्याआधी अनेक वर्षं ते भारतातच सरकारी डॉक्टर होते आणि मुतखड्याच्या शस्त्रक्रियांसाठी ओळखले जात. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी खरवडण्याचं तंत्र 1930 च्या दशकात पुढे आलं, आणि गोळ्या 1990 च्या दशकात.

इकडे नागपूरचं 'मेडिकल', म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, 1947 साली सुरू झालं, सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली. 2012 मध्ये गरिबांना मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी योजना आधी ज्या 8 जिल्ह्यांत आली, त्यांत अमरावती आणि गडचिरोली होते. उपचार एवढे जवळ आले, तरी पेशंट दवाखान्यात येतो तो लघवी पूर्ण तुंबल्यावर, ओटीपोट फुगल्यावर. मला हे फार लागतं, कारण तोवर कधी कधी मूत्रपिंडांना इजा झालेली असते. हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीवर थंडी लागते, सर्दी होते, औषधाच्या दुकानातून गोळी आणली जाते. सर्दीच्या काही गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवर लघवी एकदम बंद पडू शकते. हे गोळी देणाऱ्यानं सांगायलाच हवं.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. पण कॅन्सर वेगळा, त्याच ग्रंथीत होऊ शकतो, आणि सुरुवातीला तो अनेकदा काहीच त्रास देत नाही. म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोटानं ग्रंथी तपासतात, गरज वाटली तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या एका प्रथिनाची रक्ततपासणी, सांगतात. आबाजींना त्या बोटाच्या तपासणीची लाज वाटते. ऑपरेशननं पुरुषपण जाईल ही भीती तर ते घरातही बोलत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर वीर्य बऱ्याचदा बाहेर न येता मूत्राशयात जातं, हे खरं. ताठरता मात्र बहुतेकांची टिकते. डॉक्टरांनी हे ऑपरेशनआधी, सून-मुलं खोलीबाहेर असताना, आबाजींना स्वतःहून सांगावं.