चिपटंचाई आणि गाड्यांचं उत्पादन

गाडीत बसणाऱ्या सेमीकंडक्टर चिप्स वेळेवर मिळाल्या नाहीत की कारखान्याची असेंब्ली लाइन मंदावते, कधी पार बंदच पडते. हे अधूनमधून होतच असतं, पण चिपटंचाई म्हटलं की बहुतेकांना आठवते ती २०२० च्या शेवटी सुरू होऊन २०२३ पर्यंत रेंगाळलेली जगभरची टंचाई. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲलिक्सपार्टनर्स या सल्लागार कंपनीने अंदाज मांडला होता की त्या एकाच वर्षात ७७ लाख गाड्या कमी बनतील आणि वाहन कंपन्यांचं २१० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल.

त्या वेळी बातम्या वाचून अनेकांना वाटलं की एकदम लेटेस्ट, भारीतल्या चिप्स कमी पडतायत. खरं तर उलटं होतं. अडलं ते जुन्या, स्वस्त, कुणाचं लक्षही जाणार नाही अशा चिप्सवर.

कुठली चिप, कशाला

आजच्या साध्या गाडीतही हजारभर चिप्स सहज असतात, महागड्या किंवा इलेक्ट्रिक गाडीत त्याहून कितीतरी जास्त. इंजिनाचं इंधन मोजणारा ईसीयू, एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, काचा वरखाली करणारं बटण, मीटर, टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, चावी सगळ्यात काही ना काही असतंच. यातलं मुख्य काम करतो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवर छोटासा कॉम्प्युटर. मोबाइलच्या प्रोसेसरसारखा तो ५ किंवा ७ नॅनोमीटरचा (हा आकडा जितका लहान तितकं तंत्र बारीक आणि नवं) नसतो, ४०, ९०, कधी त्याहून जाड तंत्राचा असतो, किंमत बऱ्याचदा दोन-चार डॉलर. त्याच्याकडून वेग नको असतो, टिकाऊपणा हवा असतो: उणे ४० डिग्रीपासून १२५ डिग्रीपर्यंत चालला पाहिजे, धक्के खाल्ले पाहिजेत आणि पंधरा वर्षं बिघडता कामा नये. त्यासाठी एईसी क्यू १०० नावाच्या चाचण्यांमधून जावं लागतं, मग गाडी कंपनीची स्वतःची तपासणी वेगळी, म्हणून एक चिप मिळाली नाही तर दुकानातून दुसरी आणून बसवली असं इथे चालत नाही, दुसरी पास करून घेण्यातच महिने जातात.

आणि गाडी अशी वस्तू आहे की तीस हजार पार्ट हजर असले आणि एअरबॅगचा कंट्रोलर नसला तर ती विकता येत नाही.

टंचाई आली कशी

मार्च-एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे जगातले कार प्लांट बंद झाले. गाड्या आता वर्षभर तरी खपणार नाहीत असं धरून कंपन्यांनी पार्टच्या ऑर्डर कापल्या. वाहन उद्योग चालतो जस्ट इन टाइम पद्धतीवर, म्हणजे माल साठवायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढा दारात आला पाहिजे, त्यामुळे ऑर्डर कापणं त्यांना अंगवळणी पडलेलं. पण चिप बनवणाऱ्या कारखान्याला, ज्याला फॅब म्हणतात, असं थांबणं परवडत नाही. अब्जावधी डॉलरची मशिनरी चोवीस तास चालली तरच पैसे सुटतात. आणि नेमकं त्याच वेळी घरून काम, घरून शाळा सुरू झाल्यामुळे लॅपटॉप, टॅबलेट, वायफाय राउटर, गेमिंग कन्सोल यांची मागणी उसळली, मग गाडीवाल्यांनी सोडलेली जागा फॅबनी त्यांना देऊन टाकली.

काही महिन्यांतच लोक पुन्हा गाड्या घ्यायला लागले, बस-ट्रेनची भीती होती म्हणून तर जास्तच. कंपन्या परत चिप मागायला गेल्या तर रांगेत सगळ्यात मागे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी जी गाडी कंपन्यांच्या मोठ्या साहेबांनाही तेव्हाच नीट कळली असावी, ती म्हणजे चिपच्या धंद्यात ते फार लहान गिऱ्हाईक आहेत. तैवानची टीएसएमसी, जिच्याकडून बहुतेक वाहन-चिप कंपन्या मायक्रोकंट्रोलर बनवून घेतात, तिच्या २०२० च्या उत्पन्नात गाड्यांचा वाटा होता ३ टक्क्यांच्या आसपास आणि स्मार्टफोनचा जवळपास निम्मा. फोक्सवॅगन असो की जनरल मोटर्स, ॲपलसमोर त्यांचं वजन किती पडणार. त्यात गाडी कंपनी चिपवाल्याशी थेट बोलतच नव्हती. ती बॉश, कॉन्टिनेंटल, डेन्सो अशा टियर वन व्हेंडरला, म्हणजे थेट पार्ट पुरवणाऱ्याला, अख्खं युनिट बनवायला सांगते, तो इन्फिनिऑन, एनएक्सपी, रेनेसास, एसटीमायक्रो या चिप कंपन्यांकडून चिप घेतो आणि त्यातल्या बऱ्याच त्या पुढे टीएसएमसीसारख्याकडून बनवून घेतात. आपल्या गाडीत कुठली चिप कुठल्या फॅबची आहे याची यादी कित्येक कंपन्यांकडे नव्हतीच, ती २०२१ मध्ये बसून करावी लागली.

एक वेफर, म्हणजे जिच्यावर चिप्स बनतात ती सिलिकॉनची पातळ चकती, फॅबमध्ये शिरल्यापासून चिप होऊन बाहेर पडायला साधारण तीन ते चार महिने जातात, पुढे टेस्टिंग-पॅकेजिंग, म्हणजे आज पैसे टाकले तरी माल पुढच्या सहामाहीत. क्षमता वाढवायची तर नवीन फॅबला दोन-तीन वर्षं. आणि जुन्या तंत्राची, २०० मिलिमीटर वेफरची नवीन लाइन टाकायला कुणी फारसं तयार नव्हतं, कारण दोन डॉलरच्या चिपवर एवढी गुंतवणूक निघणार कशी. मग घबराट होऊन सगळ्यांनी गरजेपेक्षा जास्त ऑर्डर टाकल्या. तीन एसट्यांमध्ये खिडकीतून रुमाल टाकून ठेवायचे, जी आधी सुटेल तिच्यात बसू, तसलाच प्रकार. त्यामुळे खरी मागणी किती हे चिपवाल्यांनाही कळेना.

त्यावर संकटांची रांग लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फाचं वादळ आलं, वीज गेली आणि ऑस्टिनमधले सॅमसंग, एनएक्सपी, इन्फिनिऑनचे फॅब बंद पडले. १९ मार्चला जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या फॅबला आग लागली. गाड्यांच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये ही कंपनी जगात पहिल्या काही नावांत येते, त्यामुळे टोयोटा-निसानसारख्या कंपन्यांनी सफाई आणि दुरुस्तीला स्वतःची माणसं पाठवली, तेव्हा कुठे महिन्याभरात लाइन परत चालू झाली, पूर्ववत व्हायला त्यापुढेही बराच वेळ गेला. तैवानात त्याच सुमारास मोठा दुष्काळ होता, आणि फॅबला पाणी भरमसाट लागतं. २०२१ च्या मध्यावर मलेशियात कोविडची लाट आली. मलेशिया कुणाच्या डोक्यातही नव्हता, पण चिपचं पॅकेजिंग आणि टेस्टिंग तिथे खूप होतं, वेफर तयार असून चिप पॅक होईना. टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर धडा घेऊन पुरवठादारांना काही महिन्यांचा चिपसाठा ठेवायला लावला होता, त्यामुळे २०२१ चा पहिला अर्धा भाग तिने तसा आरामात काढला, पण मलेशियाने तिलाही गाठलं आणि सप्टेंबरचं जगभरचं उत्पादन ४० टक्क्यांनी कापावं लागलं. जस्ट इन टाइमची गुरू असलेली कंपनीच साठा करून बसली होती आणि तिची नक्कल करणारे बाकीचे रिकाम्या हाताने, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मजेशीर वाटतं.

कारखान्यांनी काय केलं

पहिला उपाय म्हणजे आहे ती चिप महागड्या मॉडेलला द्यायची. त्याच चिपवर छोट्या हॅचबॅकपेक्षा मोठ्या एसयूव्हीत नफा जास्त, त्यामुळे स्वस्त गाड्या आधी थांबल्या. दुसरा, गाडी अर्धवट बनवून उभी करायची. फोर्डने अमेरिकेत केंटकी स्पीडवेच्या आवारात सुपर ड्यूटी ट्रकच्या रांगाच्या रांगा लावल्या होत्या, चिप आली की बसवून पाठवायच्या. तिसरा, फीचर काढून टाकायचं: जनरल मोटर्सने काही मॉडेलमधून गरम होणाऱ्या सीट काढल्या, बीएमडब्ल्यूने काही गाड्या टचस्क्रीनशिवाय दिल्या, प्यूजोने ३०८ मध्ये डिजिटल मीटरच्या जागी काट्याचं मीटर बसवलं, आणि २०२२ मध्ये टोयोटाने जपानमध्ये दोन स्मार्ट चाव्यांपैकी एक साधी चावी द्यायला सुरुवात केली. चौथा उपाय सगळ्यांना जमण्यासारखा नव्हता. टेस्ला सॉफ्टवेअर स्वतः लिहिते म्हणून मिळेल तो दुसरा मायक्रोकंट्रोलर घेऊन त्यासाठी फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये बसणारं सॉफ्टवेअर, नव्याने लिहून ती मोकळी झाली, बाकीच्यांचं सॉफ्टवेअर व्हेंडरच्या डब्यात बंद होतं.

भारतात आणि पुण्याकडे

आपल्याकडे हे प्रकरण वाईट वेळी आलं. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावरचा बीएस ६ हा नियम लागू झाला होता, म्हणजे बाइक-स्कूटरलाही कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आलं. त्याआधी वर्षभर १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालेलं, कारना एअरबॅग आणि रिव्हर्स पार्किंग सेन्सर. नियम चांगलेच होते, पण प्रत्येक गाडीमागे चिप्सची संख्या वाढली ती नेमकी तुटवड्याच्या तोंडावर. बजाज ऑटोनेही २०२२ मध्ये चिपच्या तुटवड्याचा फटका बसल्याचं सांगितलं.

मारुती सुझुकीचं सप्टेंबर २०२१ मध्ये हरियाणा आणि गुजरातच्या प्लांटमधलं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल असं कंपनीनेच जाहीर केलं, आणि त्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत इलेक्ट्रॉनिक पार्टअभावी १ लाख १६ हजार गाड्या बनवता आल्या नाहीत, दोन लाखांवर ऑर्डर पडून राहिल्या. महिंद्राने त्याच महिन्यात सुमारे सात नो प्रॉडक्शन डे पाळून उत्पादन २० ते २५ टक्के कमी केलं. आणि लगेच ७ ऑक्टोबरला चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं तर ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या बुक झाल्या! मागणी अशी आणि चिप नाही, म्हणून काही व्हेरियंटचं वेटिंग वर्षाच्या वर गेलं.

टाटा मोटर्सचं चित्र मात्र दोन टोकांचं दिसतं. त्याच ग्रुपच्या जग्वार लँड रोव्हरने जुलै २०२१ मध्ये सांगितलं की पुढच्या तिमाहीतली विक्री ठरवल्यापेक्षा निम्म्यावर येऊ शकते. इकडे पिंपरी, रांजणगाव आणि साणंदच्या प्लांटमधून गाड्या निघत राहिल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये टाटाने ह्युंदाईला मागे टाकून देशात दुसरा नंबर घेतला. नेक्सॉन, पंचला मागणी होती हे खरंच, पण त्या महिन्यांत गाडी चांगली असण्याइतकंच ती हातात देता येणं महत्त्वाचं होतं.

मोठ्या कंपनीची लाइन थांबली की चाकण, भोसरी, रांजणगावच्या छोट्या वर्कशॉपचंही काम थांबतं. सीट, बंपर, वायरिंग हार्नेस, शीट मेटल यात चिपचा संबंध नसतो, पण गाडीच निघत नसेल तर तो माल घेणार कोण. कायम कामगारांना सुट्टी ॲडजस्ट करून मिळते, कंत्राटी पोरांचा मात्र हजेरीवर पगार, लाइन बंद म्हणजे रोज बुडाला. टंचाईच्या आकड्यांत हा भाग कुठे दिसत नाही.

पैसे कुणी भरले

मुख्यतः गिऱ्हाइकाने. शोरूममधला डिस्काउंट गायब झाला, वेटिंगमध्ये असताना किमती दोनदा वाढल्या. नवी गाडी मिळेना म्हणून लोक सेकंडहँडकडे वळले, अमेरिकेत जून २०२१ मध्ये जुन्या गाड्यांचे भाव वर्षभरात ४५ टक्के चढले होते. कंपन्या रडत होत्या पण सगळ्या काही बुडाल्या नाहीत: २०२१ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतला विक्रीतला पहिला नंबर टोयोटाला गमावला, जो १९३१ पासून तिच्याकडेच होता, आणि त्याच वर्षी तिचा व्याज-कर वगळूनचा समायोजित नफा विक्रमी म्हणजे १४.३ अब्ज डॉलर झाला. कमी गाड्या, महाग गाड्या.

नंतर

टंचाई ओसरली ती २०२३ मध्ये, त्यात नवीन फॅबपेक्षा लॅपटॉप-मोबाइलची मागणी पडल्याचा हात जास्त होता. दरम्यान सरकारं जागी झाली. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये देशातच चिप बनवायला पैसे देणारा चिप्स ॲक्ट आणला, जपानमध्ये कुमामोटोला टीएसएमसीचा फॅब फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडला ज्यात डेन्सो आणि टोयोटाची भागीदारी आहे, जर्मनीत ड्रेस्डेनला बॉश, इन्फिनिऑन, एनएक्सपी यांना घेऊन तशाच दुसऱ्याचं बांधकाम ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं. फोर्ड आणि जनरल मोटर्स चिप बनवणाऱ्या ग्लोबलफाउंड्रीजशी थेट करार करायला लागले, मधला व्हेंडर वगळून.

भारताने डिसेंबर २०२१ मध्ये चिप उद्योगासाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली. महाराष्ट्रात त्यावरून झालेलं राजकारण सगळ्यांना माहीत आहे: वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा असताना सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली. टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीच्या धोलेरा फॅबची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. त्यात २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिप्स बनायच्या आहेत, म्हणजे बरोबर गाड्यांना लागतात तसल्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र दुसऱ्याच कारणाने लाइन थांबल्या. नेदरलँड्स सरकारने चिनी मालकीच्या नेक्सपेरिया कंपनीचा ताबा १९५२ च्या एका कायद्याने आपल्याकडे घेतला, उत्तर म्हणून चीनने तिचा चीनमधून बाहेर जाणारा माल अडवला. नेक्सपेरिया बनवते डायोड आणि ट्रान्झिस्टर, काही पैशांपासून काही रुपयांपर्यंतचे. वेफर हॅम्बुर्गला बनतात, कापून पॅक व्हायला मोठ्या प्रमाणात चीनमध्ये डोंगग्वानला जातात आणि परत युरोपात येतात. होंडाने मेक्सिकोतला सेलाया प्लांट बंद ठेवला, अमेरिका-कॅनडातलं उत्पादनही कमी केलं. पुढच्या महिन्यात चीनने निर्यात थोडी मोकळी केली आणि डच सरकारने आदेश स्थगित केला, पण कंपनीचं युरोपातलं ऑफिस आणि चीनमधलं युनिट यांच्यातलं भांडण मिटलं नाही, आणि हॅम्बुर्गहून डोंगग्वानला वेफर पाठवणं कंपनीने त्याआधीच थांबवलं होतं.