लडमची लाकडी पडदी : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातील लडम गावच्या सेंट कॅथरीन चर्चमध्ये भाविकांचे दालन आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये कोरीव, रंगवलेली लाकडी पडदी उभी आहे. तिच्यावरील लेखात १४९३ हे साल असून एका दांपत्याने तिच्यासाठी १४ पौंड दिल्याचा उल्लेख आहे. खालच्या फळ्यांवर बारा आकृती आहेत. त्यांत शेतमजुरांचा आधार मानला जाणारा, हाती लांब दांड्याचा विळा घेतलेला स्थानिक संत वॉल्स्टनही आहे.

अशा पडदीला ‘रूड स्क्रीन’ म्हणतात आणि घोटाळा या नावापासूनच सुरू होतो. ‘रूड’ म्हणजे पडदी नव्हे, तर तिच्या वर उभारलेली क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती. तिच्या दोन्ही बाजूंना ख्रिस्ताची आई मेरी आणि शिष्य योहान असत. मूर्तीपर्यंत पोहोचण्यासाठी पडदीच्या माथ्यावर सज्जा असे. मूर्ती, सज्जा आणि पडदी या तीन वस्तूंचे भवितव्य वेगवेगळे झाले, हे ध्यानात न घेतल्यास पुढचा इतिहास कळत नाही.

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या लाटेत १५४७-४८ मध्ये मूर्ती उतरवल्या गेल्या. १५५३ नंतर राणी पहिल्या मेरीच्या काळात जुना कॅथलिक पंथ परतला, तेव्हा त्या पुन्हा बसवण्याचे फर्मान निघाले. लडममध्ये पडदीच्या वरच्या कमानीतील फळ्यांवर क्रूसाचे जे चित्र रंगवलेले आहे, ते याच काळातले मानले जाते. चित्राची कच्ची धाटणी पाहता घाई आणि पैशांची चणचण दोन्ही जाणवतात. पुढच्या राणीच्या, म्हणजे पहिल्या एलिझाबेथच्या, कारकिर्दीत त्याच कमानीसाठी कापडावर राजचिन्ह रंगवले गेले.

खरा वादाचा निर्णय १५६१ चा. त्या वर्षीच्या राजाज्ञेने सज्जे तुळईपर्यंत उतरवायला सांगितले; पडदी मात्र राखावी, आणि जिथे ती आधीच मोडली असेल तिथे नवी घालावी, असेही बजावले. या आज्ञेकडे बहुधा विध्वंसाचा आणखी एक हुकूम म्हणून पाहिले जाते. ते एकांगी आहे. सज्जांचे नुकसान भरून न येणारे आहे, हे खरेच. पण वेदीचा भाग वेगळा राहावा, हे त्याच आज्ञेने मान्य केले नसते, तर नॉर्फकमधील इतक्या पडद्या आपल्यापर्यंत पोहोचल्या असत्या असे वाटत नाही. १६४० च्या दशकातील मूर्तिभंजनात अनेक ठिकाणी संतांचे चेहरे खरवडले गेले, पण सुताराचे काम बरेचसे शिल्लक राहिले.

एकोणिसाव्या शतकात पडद्यांची डागडुजी झाली आणि काही ठिकाणी नवे क्रूसही चढले. लडममध्ये क्रूसाचे चित्र आणि राजचिन्ह आज एकाच कमानीत, पाठीला पाठ लावून आहेत.