कातेउरा वाद्यवृंद

कातेउरा वाद्यवृंद : पॅराग्वेची राजधानी आसुन्सिओन येथील कचरा डेपोलगतच्या वस्तीतल्या मुलामुलींचा वाद्यवृंद. स्पॅनिश नाव ‘ऑर्केस्ता दे रेसिक्लादोस दे कातेउरा’. भंगारातून घडवलेल्या वाद्यांवर पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणारी ही मंडळी जगभर ओळखली जातात.

डेपोच्या एका अंगाला पॅराग्वे नदी, आजूबाजूला सखल जमिनीवरची घरे. इथली बरीच कुटुंबे कचऱ्यातून प्लास्टिक, पुठ्ठा, धातू निवडून विकतात. हातातल्या आकड्याने ढीग उपसणाऱ्यांना ‘गांचेरो’ म्हणतात. गांचो म्हणजे आकडा. फाव्हियो चावेस हे पर्यावरण तंत्रज्ञ २००६ मध्ये या कचरावेचकांबरोबर काम करायला आले. त्यांना संगीत येत होते, आणि मुलांना शिकवायला सुरुवात झाली.

लवकरच मुले जास्त आणि वाद्ये कमी अशी अवस्था आली. शिवाय वस्तीत एका चांगल्या व्हायोलिनची किंमत घराहून जास्त. ते मुलाच्या हाती देऊन घरी पाठवणे म्हणजे चोराला आमंत्रण, आणि घरी अडचण आली की ते विकले जाण्याचीही धास्ती. रियाज तर घरीच व्हायला हवा! मग चावेस यांनी निकोलास गोमेस ऊर्फ ‘कोला’ या सुतारकाम जाणणाऱ्या कचरावेचकाला गाठले आणि भंगारातून वाद्ये घडवून घेतली. ‘कचऱ्यातून कला’ अशा मथळ्यांत एक गोष्ट नेहमी हरवते. पत्र्याच्या व्हायोलिनला बाजारात गिऱ्हाईक नव्हते, म्हणूनच ते मुलाकडे टिकले.

कोलांची वाद्ये जवळून पाहण्यासारखी आहेत. व्हायोलिनचे पोट पत्र्याच्या डब्याचे. तारा खालच्या बाजूला जिथे अडकवतात, तिथे जेवणाचा काटा. चेलोसाठी, म्हणजे व्हायोलिनच्या मोठ्या भावंडासाठी, तेलाचे पिंप. सॅक्सोफोन म्हणजे सांडपाण्याचा पाइप, त्याच्या कळा बाटल्यांची बुचे, नाणी आणि चमच्यांच्या दांड्या यांच्या. ढोलावर चामड्याऐवजी एक्स-रेची फिल्म ताणलेली. अशा चेलोवर वाजवलेला जर्मन संगीतकार बाखचा तुकडा ऐकताना पिंपाची आठवण राहत नाही, हे मात्र खरे.

२०१२ मध्ये त्यांच्यावरील आगामी माहितीपटाची छोटी झलक इंटरनेटवर लाखो लोकांनी पाहिली आणि परदेशांतून निमंत्रणे येऊ लागली. पूर्ण माहितीपट २०१५ चा. अमेरिकेतील फिनिक्सच्या वाद्यसंग्रहालयात त्यांची वाद्ये मांडण्यात आली. २०१४ मध्ये मेटॅलिका या रॉक बँडच्या दक्षिण अमेरिका दौऱ्यात मुलांनी भरगच्च स्टेडियममध्ये वादन केले. त्याच वर्षी नदीला पूर आला, वस्तीत पाणी शिरले आणि अनेक कुटुंबांना घर सोडून उंच जागी तात्पुरत्या आसऱ्याला जावे लागले.